बंब, स्टोव्ह आणि हीटर : घरच्या उबेमागचे उद्योजक

जबलपूरच्या थंडीची ओळख पटायला फार दिवस लागत नाहीत. पुण्या-मुंबईकडून नोकरीनिमित्त इथे आलेल्या मंडळींना पहिल्याच पौष महिन्यात कळून चुकते की, स्वेटर ही इथे हौसेची वस्तू नाही. नर्मदेवरून येणारा वारा, सकाळचे धुके आणि नळाला हात लावताच बोटे बधिर करणारे पाणी! अशा गावात आपल्या मराठी घरांनी संसार थाटले. कुणी १९०४ साली उभ्या राहिलेल्या गन कॅरेज फॅक्टरीत, कुणी रेल्वेत, कुणी खमरियाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्याआधी नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. पुनर्रचनेनंतर उच्च न्यायालय जबलपुरात आले, विद्युत मंडळाचे मुख्यालय इथे राहिले आणि नागपूरकडची कितीतरी कुटुंबे इथली झाली. त्यांच्या सामानात ट्रंका होत्या, पाटा-वरवंटा होता, देव होते; आणि बहुतेक घरांत एक तांब्याचा बंबही होता.

तो बंब, त्यानंतर आलेला पितळी स्टोव्ह आणि मग लाल कॉइलचा विजेचा हीटर, ही तिन्ही यंत्रे आज माळ्यावर किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर दिसतात. पण या प्रत्येकामागे कुणाची तरी कल्पकता, कुणाचे तरी भांडवल आणि कुणाचा तरी घाम आहे. आपण मराठी माणसे 'आम्हाला धंदा जमत नाही' असे मोठ्या सहजतेने म्हणतो. या तीन वस्तूंचा इतिहास पाहिला, तर ते वाक्य किती अपुरे आहे हे ध्यानात येते.

शेगडी आणि गुरसी

सुरुवात अर्थातच विस्तवापासून. आपल्याकडची शेगडी आणि इथल्या बुंदेली घरांतली मातीची गुरसी या सख्ख्या बहिणी. निखारे घालायचे, भोवती बसायचे, हात शेकायचे आणि जमल्यास त्यात बटाटा किंवा रताळे पुरायचे. यात कारखानदारी नव्हती. कुंभाराने घडवायची, घरच्या बाईने लिंपायची, फुटली की नवी घ्यायची. स्वस्त आणि सोपी असली तरी या व्यवस्थेचे दोन दोष होते. एक म्हणजे धूर, आणि दुसरा म्हणजे बंद खोलीत निखाऱ्यांपासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. त्याला ना रंग, ना वास. दारे-खिडक्या लावून शेगडीशेजारी झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या उत्तर भारतात दर हिवाळ्यात आजही येतात. घरात ऊब आणायची पण धूर आणि धोका आणायचा नाही, हा प्रश्न शेगडीइतकाच जुना आहे. पुढची सारी यंत्रे म्हणजे त्या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे होत.

बंब : तांबटाची करामत

बंबाकडे नीट पाहा. मध्यभागी उभा नळा, खाली जाळी, तिच्याखाली राख पडायला जागा आणि नळ्याभोवती पाण्याची टाकी. वरून नळ्यात लाकडाच्या ढलप्या, कोळसा, गोवरी किंवा नारळाच्या करवंट्या टाकायच्या. विस्तव पाण्याच्या खाली नव्हे, तर पाण्याच्या पोटात जळतो. त्यामुळे नळ्याची सगळी तापलेली बाजू पाण्याला लागते आणि उष्णता फुकट जात नाही. अनेक बंबांत आणखी एक युक्ती असे. बाजूच्या तोंडातून थंड पाणी ओतले की ते तळाशी जाई आणि तेवढेच गरम पाणी वरच्या तोटीतून बाहेर येई. गरम पाणी हलके, थंड पाणी जड, हा पदार्थविज्ञानाचा धडा शाळेत न गेलेल्या कारागिराने तांब्यात बसवला होता.

रशियातल्या समोवारची रचना अशीच. तूला या गावात लिसित्सिन बंधूंनी १७७८ साली समोवारचा कारखाना काढला आणि पुढे ते गाव समोवारसाठी जगभर गाजले. पाण्यातून आगीची नळी नेण्याचे हेच तत्त्व रेल्वे इंजिनाच्या बॉयलरमध्येही असते. १८२९ सालच्या स्टीफन्सनच्या 'रॉकेट' इंजिनात अशा अनेक नळ्या होत्या. आपल्या जबलपुरात ईस्ट इंडियन रेल्वे १८६७ साली अलाहाबादकडून आली आणि १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडची जी.आय.पी. रेल्वे येऊन मिळाली, तेव्हा मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग सलग झाला. त्या मार्गावर धावणारी धुरांडी इंजिने आणि न्हाणीघरातला बंब ही नात्याने एकाच कुळातली म्हणायची!

हा बंब घडवणारे तांबट पुण्याच्या कसबा पेठेत एकवटलेले होते. पेशवाईत या समाजातली घराणी कोकणातून पुण्यात आली, अशी त्यांची परंपरा सांगते. तांबट आळीत आजही हातोडीचा ठेका ऐकू येतो. तांब्याचा पत्रा कापायचा, तापवून मऊ करायचा, जोडायचा आणि मग घोटीव तोंडाच्या हातोडीने एकेक ठोका शेजारी-शेजारी मारत जायचा. यालाच मठारकाम म्हणतात. मठारल्याने भांड्यावर चमकदार खड्यांसारखी नक्षी उमटते हे खरे, पण ते केवळ सौंदर्य नव्हे. ठोक्यांनी तांबे घट्ट होते, भांडे कणखर बनते. पातळ पत्र्याचा बंब पिढ्यान्‌पिढ्या टिकतो तो या ठोक्यांच्या जोरावर.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या घरातल्या जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावे कोरलेली असतात. कुणाची? घेणाऱ्याची, किंवा लग्नात आहेर देणाऱ्याची. घडवणाऱ्याचे नाव त्यावर सहसा नसते. बंबाचे पेटंट कुणी घेतले नाही, त्याची जाहिरात कुणी छापली नाही आणि त्याला कुणी नाममुद्रा दिली नाही. तांबटाने वस्तू उत्तम केली, पण तिच्यावर नाव घातले दुसऱ्याचे. आमच्या मते या साऱ्या इतिहासाची मेख इथेच आहे.

दुसरे कारण धातूचे. स्वातंत्र्यानंतरही घाटशिला परिसरातले थोडे तांबे सोडले, तर देशाला तांबे परदेशातून आणावे लागे. तांबे महाग होत गेले, तसतसे जस्ती पत्र्याचे आणि पुढे स्टीलचे बंब आले. आपल्या जबलपूरपासून जवळच, बालाघाट जिल्ह्यातल्या मलांजखंड येथे हिंदुस्तान कॉपरची मोठी खाण १९८२ साली सुरू झाली. पण तोवर शहरी न्हाणीघरांतून बंब निघायला लागला होता.

निळ्या ज्योतीचा स्वीडिश कारखानदार

आपल्या आजीच्या तोंडी 'प्रायमस' हा शब्द मराठी असल्यासारखाच होता. प्रत्यक्षात ते स्टॉकहोममधल्या एका कारखान्याच्या स्टोव्हचे नाव. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट हा स्वीडनमधला यंत्रकारागीर. दुधातून साय वेगळी काढण्याची यंत्रे करणाऱ्या कंपनीत तो काम करी. त्या काळी घासलेटच्या चुली वातीच्या असत. त्या काजळी धरत, भांडी काळी करत. लिंडक्विस्टने वात काढूनच टाकली. टाकीत पंपाने हवा भरायची, दाबाने तेल वर चढवायचे, तापलेल्या नळीत त्याची वाफ करायची आणि ती बारीक छिद्रातून जोराने बाहेर सोडायची. हवेशी मिसळून ती वाफ निळ्या ज्योतीने जळते आणि काजळी धरत नाही.

१८९२ साली त्याने योहान विक्टर स्वेन्सन याच्या भागीदारीत कारखाना काढला. विक्रीचे काम बी. ए. योर्ट आणि कंपनी या व्यापारी पेढीने घेतले. ही विभागणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकाने शोध लावला, दुसऱ्याने कारखाना सांभाळला, तिसऱ्याने माल जगभर पोचवला. तिघांनीही आपापले काम ओळखले. नान्सेनने उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत प्रायमस नेला, अमुंडसेनने १९११ साली दक्षिण ध्रुव गाठला तेव्हाही तो सोबत होता. १८९७ साली बलूनमधून निघालेला स्वीडनचा आंद्रे बर्फात मरण पावला. त्याच्या शेवटच्या तळाचे अवशेष तेहेतीस वर्षांनी, १९३० मध्ये सापडले. त्यात प्रायमसही होता आणि तो पेटवून पाहिला तर पेटला! यापेक्षा मोठी जाहिरात कोणती?

हाच स्टोव्ह मुंबई बंदरातून आगगाडीने गावोगावी पोचला. त्याच्याभोवती आपल्याकडे लहान-लहान धंदे उभे राहिले. पिना, वॉशर, बर्नर विकणारे, टाकीला डाग देणारे, पंपाचे चामडे बदलणारे. 'स्टोव्ह रिपेऽऽर' अशी आरोळी देत फिरणारा कारागीर हाही एक उद्योजकच. लवकरच देशी कारखान्यांनीही स्टोव्ह बनवायला सुरुवात केली. पुढे १९७० च्या दशकात इंडियन ऑइलच्या संशोधन विभागाने वातीचाच पण कमी तेल जाळणारा 'नूतन' स्टोव्ह आणला आणि तो मध्यमवर्गीय घरांत स्थिरावला.

स्टोव्हच्या इतिहासाला एक काळे पानही आहे आणि ते वगळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली' ही बातमी एके काळी वर्तमानपत्रांत इतकी नेमाने येई की वाचणाऱ्याची नजर तीवरून सरकून जाई. काही वेळा दोष खरोखरच हलक्या प्रतीच्या स्टोव्हचा असे, पण अनेकदा स्टोव्हचे फक्त नाव पुढे केले जाई. अखेर १९८६ साली भारतीय दंडविधानात हुंडाबळीचे ३०४-ब हे कलम आले. यंत्र कितीही चांगले असले तरी ते कोणत्या घरात जाते, त्या घरातली माणसे कशी आहेत, यावरच त्याची ऊब ठरते.

स्वदेशीचा प्रभाकर

घासलेटच्याच कुळातली एक मराठी वस्तू इथे आठवायलाच हवी. ती ऊब देत नव्हती, उजेड देत होती. पण तांबटाला जे जमले नाही ते तिने करून दाखवले. स्वदेशीच्या चळवळीत प्रत्येकाकडून एक-एक पैसा गोळा करून उद्योग काढावेत, अशी कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी मांडली. लोकमान्यांनी तिला पाठिंबा दिला आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. सार्वजनिक गणेशोत्सवाने माणसे एकत्र आणली, पैसा फंडाने त्या माणसांचे पैसे एकत्र आणले. दोन्हींमागचे सूत्र एकच.

त्याच वातावरणात १९१६ साली औंध संस्थानात, कराडजवळ, ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्याआधी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा देऊन हात दिला होताच. ओगल्यांचा 'प्रभाकर' कंदील घरोघर गेला. प्रभाकर हे त्यांच्या वडिलांचे नाव आणि सूर्याचेही. काच आपली, पत्रा आपला, नावही आपले! परदेशी कंदिलांनी भरलेल्या बाजारात गिऱ्हाईक दुकानदाराकडे 'कंदील द्या' न म्हणता 'प्रभाकर द्या' म्हणू लागले, हा त्या उद्योगाचा खरा विजय. कारखान्याचे दिवस पुढे पालटले, पण ओगलेवाडी हे गावाचे नाव आजही आहे.

लाल कॉइलची जन्मकथा

विजेच्या हीटरची कथा भारतात सुरू होते, असे म्हटले तर पुष्कळांना नवल वाटेल. रूक्स बेल क्रॉम्प्टन हा तरुण इंग्रज अधिकारी १८६४ च्या सुमारास पलटणीबरोबर भारतात आला. इथल्या रस्त्यांवर बैलगाड्यांऐवजी वाफेच्या इंजिनाने गाड्या ओढाव्यात, या ध्यासाने त्याने पंजाबात प्रयोग केले. मायदेशी परतल्यावर १८७८ साली त्याने विजेच्या उपकरणांची कंपनी काढली. १८९२ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या विद्युत प्रदर्शनात त्याच्या कंपनीने विजेवरची तापवण्याची आणि स्वयंपाकाची साधने मांडली. क्रॉम्प्टनचे नाव आज आपल्या देशात पंख्यांवर आणि गिझरवर दिसते, ते याच माणसाचे.

पण त्या काळी हीटर फार टिकत नसे. लोखंडाची किंवा इतर धातूची तार लाल होईपर्यंत तापवली की हवेतल्या प्राणवायूने ती जळून तुटे. ही गाठ अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श याने सोडवली. निकेल सुमारे ८० टक्के आणि क्रोमियम सुमारे २० टक्के असा मिश्रधातू त्याने बनवला आणि १९०६ साली पेटंट मिळवले. हेच आपले नायक्रोम. ही तार तापली की तिच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो थरच आतल्या धातूला जपतो. जळण्यातूनच जळण्यापासून संरक्षण! टोस्टर, इस्त्री, हीटर, केस वाळवायचे यंत्र, सारे या एका तारेवर उभे आहे.

तार मिळाली, पण ती गुंडाळायची कशावर? क्रॉम्प्टनच्याच कंपनीत काम केलेल्या चार्ल्स बेलिंग नावाच्या तरुणाने नोकरी सोडून १९१२ साली लंडनजवळ एन्फील्ड येथे एका शेडमध्ये स्वतःचा उद्योग सुरू केला. त्याने नायक्रोमची तार अग्निमृत्तिकेच्या, म्हणजे भट्टीच्या विटांसाठी वापरतात त्या मातीच्या, साच्यावर गुंडाळली. माती उष्णता सहन करते, वीज वाहू देत नाही आणि स्वतः तापून लालबुंद होत ऊब पसरवते. विजेचे अत्याधुनिक यंत्र शेवटी पुन्हा मातीच्याच मांडीवर बसले.

आपल्याकडे या क्षेत्रातले ठळक नाव बजाज. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांच्या घराण्याशी निगडित 'रेडिओ लॅम्प वर्क्स' ही कंपनी १९३८ साली नोंदली गेली आणि १९६० साली तिचे नाव 'बजाज इलेक्ट्रिकल्स' झाले. वर्धा आणि जबलपूर तेव्हा एकाच मध्यप्रांतात होते. म्हणजे हे नाव आपल्या शेजारघरचेच म्हणायचे.

जबलपूरची माती

आता आपल्या गावाकडे वळू. जबलपूरच्या टेकड्यांत पांढरी माती आणि अग्निमृत्तिका मुबलक आहे. त्या मातीवर इथे दोन मोठे उद्योग उभे राहिले. एक, कलकत्त्याच्या बर्न आणि कंपनीचा कारखाना. आणि दुसरा, राजा गोकुलदासांच्या घराण्याशी जोडलेला परफेक्ट पॉटरी. भट्टीच्या विटा, चिनी मातीचे नळ, कौले असा माल इथून रेल्वेने देशभर जाई. ज्या जातीच्या मातीवर बेलिंगने आपला उद्योग उभारला, ती माती आपल्या पायांखाली होती. विद्युत मंडळाचे मुख्यालय आपल्या गावात होते. तार ओढू शकणारे, लेथ चालवू शकणारे, मोजमापात तरबेज असे कुशल कामगार इथल्या आयुध निर्माण्यांत हजारोंनी होते. माती, वीज आणि हात ही तिन्ही एका गावात! तरीही हीटरचा जबलपुरी ब्रँड काही देशभर गेला नाही.

याला कारणे आहेत. चांगली सरकारी नोकरी, क्वार्टर, पेन्शन असताना धोका कोण पत्करणार? मालाची मागणी एकाच मोठ्या गिऱ्हाइकाकडून, म्हणजे सरकारकडून येत असली की बाजार शोधण्याची सवयही लागत नाही. मोठ्या उद्योगांचेही सोने कायम राहत नाही. बर्न कंपनी राष्ट्रीयीकरणानंतर १९७६ साली 'बर्न स्टँडर्ड' झाली आणि २०१८ साली केंद्र सरकारने ती बंद करण्यास मंजुरी दिली. मातीकामात पिढ्या घालवलेल्या गावासाठी ही बातमी लहान नव्हती.

थोडासा हिशेब

बंब बरा की गिझर, असा वाद घरोघर होतो, म्हणून थोडा हिशेब. जबलपूरच्या जानेवारीत नळाचे पाणी १५ अंश आहे असे धरू. एक बादली म्हणजे २० लिटर पाणी ४५ अंशांपर्यंत तापवायला सुमारे २५०० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे साधारण ०.७ युनिट वीज. हजार वॅटच्या कॉइलने ते पाणी तापायला पाऊण तासाच्या आत-बाहेर वेळ लागतो. चौघांच्या घरात रोज जवळजवळ तीन युनिट नुसत्या आंघोळीचे. बंबाला हे बिल नाही. पण सरपण आणणे, फोडणे, पेटवणे, राख काढणे, चिंचेने घासून लख्ख करणे, हे सारे काम कुणीतरी करत होते. ते 'कुणीतरी' बहुतेक घरांत आई, आजी किंवा सून होती आणि तिच्या वेळेचे बिल कधी निघाले नाही. जुन्या वस्तूंचे कौतुक करताना हा हिशेबही मनात असावा. विजेच्या बटनाने त्या माउलीचा पहाटेचा एक तास तिला परत दिला, हे हीटरचे सर्वांत मोठे पुण्य.

शेवटी काय?

या कथेतली माणसे पाहिली तर एक धागा दिसतो. लिंडक्विस्ट कामगार होता, बेलिंग नोकरदार होता, क्रॉम्प्टन लष्करी अधिकारी होता, ओगले बंधू मध्यमवर्गीय घरातले होते. यांतले बहुतेक जण भांडवलाच्या राशीवर जन्मलेले नव्हते. घरातली एक साधी अडचण, काळी होणारी भांडी, तुटणारी तार, महागडा परदेशी कंदील, त्यांनी मनावर घेतली आणि तिचे उत्तर शोधले. आणि त्या उत्तरावर स्वतःचे नाव घालायला ते लाजले नाहीत.

आपला तांबट यांपैकी कुणापेक्षाही कमी कसबी नव्हता. त्याच्या वस्तूवर त्याचे नाव नव्हते, एवढाच फरक. पण तो फरक फार महागात पडला. अलीकडच्या काळात वारसा जपणाऱ्या संस्था आणि तरुण डिझायनर तांबट आळीतल्या कारागिरांबरोबर काम करू लागले आहेत. मठारकाम केलेले दिवे, पेले, शोभेच्या वस्तू नव्या बाजारात जात आहेत. उशिरा का होईना, हातोडीच्या ठोक्याला ओळख मिळते आहे.

आपल्या मंडळातली नवी पिढी आज अभियंते, संगणकतज्ज्ञ, व्यवस्थापक म्हणून पुण्या-बंगळूरला आणि परदेशात जाते आहे. त्यांना नोकरी मिळाली की आपल्याला आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. पण त्यांच्यापैकी एखाद्याने 'मी स्वतःचे काही काढतो' म्हटले, तर 'आपल्यात कुणी धंदा केलाय का?' असे विचारण्याआधी माळ्यावरचा बंब खाली उतरवून त्याला दाखवावा. त्यावर पणजोबांचे नाव कोरलेले असेल. ज्याने तो घडवला त्याचे नाव मात्र नसेल. ते का नाही, हे त्या मुलाला सांगावे. आणि भंगारवाला दारात आला तर निदान एक बंब, एक स्टोव्ह घरात ठेवावा. तांब्याला किलोवर भाव मिळतो, पण त्यात गोठलेल्या कसबाला तराजू नाही.